कादंबरीत पाऊस फुकट पडतो

अंधेरी स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडून वर्सोव्याच्या दिशेने निघालं की वाटेत कॉफीची जेवढी दुकानं लागतात, त्यांतल्या कोणत्याही एकात सकाळी अकराच्या सुमारास डोकावावं. कोपऱ्यातल्या टेबलाशी एक पन्नाशीचे गृहस्थ बसलेले दिसतात. खांद्याला झोळी, झोळीत स्वतःच्याच कादंबरीच्या तीन प्रती (एक वाचून दाखवायला, एक भेट द्यायला आणि भेट दिलेली प्रत समोरच्याने टेबलावरच विसरली तर पुन्हा द्यायला एक), आणि पुढ्यात कॉफीचा कप, ज्याच्या किमतीकडे ते मघापासून चोरून बघताहेत. पलीकडे लॅपटॉप उघडून पंचविशीची एक मुलगी. कादंबरीचं सातवं प्रकरण चाललेलं असतं. 'त्या रात्री गावावर आभाळ फाटलं होतं' हे वाक्य गृहस्थ आवाजात कंप आणून वाचतात. ती विचारते, "सर, पाऊस लागेलच का?" गृहस्थ समजावतात, की हा काही साधासुधा पाऊस नव्हे, नायिकेच्या मनातला तो कल्लोळ आहे. "हो सर, मस्तच आहे ते. पण कल्लोळाला टँकर किती लागतील?"

नेमक्या या क्षणी कादंबरीकाराचा पटकथाकार होतो. आपल्याकडे या क्षणाचं सुतक पाळायची पद्धत आहे. अमुक लेखक 'सिनेमात गेला' हे मराठी माणूस ज्या सुरात सांगतो, त्याच सुरात पूर्वी 'दारूत गेला' म्हणत असत. बोरिवलीच्या एखाद्या सोसायटीच्या जिन्यात शेजारी विचारतात, "काका हल्ली लिहीत नाहीत वाटतं?" घरचे सांगतात, "लिहितात की. मालिका लिहितात." "अच्छा, म्हणजे लिहीत नाहीत." हा संवाद कोणालाच विनोदी वाटत नाही, हीच त्यातली मोठी गंमत. माझं म्हणणं असं, की या माणसाचं अधःपतन वगैरे काही झालेलं नसतं. जन्मभर उधारीवर जेवलेल्याच्या पुढ्यात गल्ल्यावरच्या शेठने पहिल्यांदाच बिल सरकवावं, तेवढंच झालेलं असतं. कादंबरीत पाऊस फुकट पडतो, पटकथेत तो टँकरने येतो. साहित्य आणि सिनेमा यांच्यातला फरक सांगायला लोक तीन-तीन दिवसांची चर्चासत्रं भरवतात, पण त्यातल्या चहापाण्याच्या खर्चासकट सगळा विषय या एका वाक्यात मावतो. (या लेखाच्या सुरुवातीलाही एक आभाळ फाटून गेलं. संपादकांना त्याचा छदामही खर्च आलेला नाही.)

कादंबरीकाराच्या सवयी किती खर्चिक असतात हे त्याच्या वाक्यांना किंमती लावून बघितल्याशिवाय कळत नाही. 'बारा वर्षं गेली.' शाई नखभर. पटकथेत याच तीन शब्दांसाठी नायकाचे केस पांढरे करायचे, मुलाच्या जागी मिसरूड फुटलेला नवा नट आणायचा, दारातली स्कूटर हलवून मोटार लावायची, आणि एवढं करून सासूबाई होत्या तशाच कशा राहिल्या याचं उत्तर शोधायचं. 'बाजार माणसांनी फुलून गेला होता.' माणसं म्हणजे ज्युनिअर आर्टिस्ट, ती शिफ्टवर येतात आणि चहा-नाश्ता घेतात. फुलून जायला किती लागतील? ऐंशी? "सर, चाळिसात फुलवू या ना. कॅमेरा जरा खाली लावू." 'गाडी सुटली आणि फलाटावर ती एकटीच उरली.' रेल्वेची परवानगी आली, तिचं शुल्क आलं, आणि एवढं भरूनही मुंबईच्या फलाटावर कोणी एकटं उरतं यावर विश्वास कोण ठेवणार? घाटकोपरला तर मेट्रो आल्यापासून माणूस मेला तरी एकटा उरायचा नाही. त्यातही मोठा अडथळा म्हणजे कातरवेळ. मराठी कादंबरीचा निम्मा भावनिक कारभार कातरवेळी चालतो. पटकथेत प्रत्येक दृश्याच्या माथ्यावर आत की बाहेर आणि दिवस की रात्र एवढं दोनच रकान्यांत लिहायचं असतं. हट्टाने कातरवेळ लिहिलीच, तर छायालेखक येऊन नम्रपणे सांगतो, की तो उजेड वीसेक मिनिटं टिकतो आणि तुमचा प्रसंग सात पानांचा आहे. सगळ्या कादंबरीत स्वस्त असं एकच वाक्य सापडतं: 'ती काहीच बोलली नाही.' ते ऐकून निर्मात्याचा चेहरा पहिल्यांदा उजळतो.

हे दुखणं अंधेरीतल्या लोखंडवालाच्या कॉफीइतकं नवं नाही. ते मालाडइतकं जुनं आहे. १९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज काढली. तिथे १९३८ साली शरदिंदू बंद्योपाध्याय नावाचे बंगाली लेखक पटकथा लिहायला येऊन दाखल झाले. ब्योमकेश बक्षी हा धोतर नेसणारा सत्यान्वेषी ज्यांनी जन्माला घातला, तेच हे. त्याच वर्षी त्यांच्या कथेवर 'भाभी' हा चित्रपट निघाला. आता हा योग नीट समजून घ्या. चित्रपट हिंदी, कथा बंगाली माणसाची, दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन हा जर्मन, आणि जागा मालाड, जिथले मूळ रहिवासी यातलं काहीच बोलत नव्हते. कादंबरीकार एकटा बसून लिहितो तेव्हा वाचकापर्यंत अर्थ पोचला नाही तर दोष वाचकाच्या आकलनाला देता येतो. इथे अर्थ लेखकाच्या टेबलापासून कॅमेऱ्यापर्यंत जातानाच तीन सरहद्दी ओलांडायचा, आणि तरी चित्रपट पूर्ण व्हायचे, लागायचे आणि लोक ते बघायचे. एकाच भाषेतल्या दोन समीक्षकांना एका कादंबरीचा एक अर्थ लावता येत नाही, हे लक्षात घेतलं तर मालाडचा पराक्रम काय होता ते कळेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, की सिनेमा लेखकाला गिळतो. पुरावा म्हणून याच शरदिंदूंकडे बोट दाखवता येईल. ब्योमकेश १९३६ पासून १९५१ पर्यंत, म्हणजे चांगली पंधरा वर्षं, गप्प होता. बघा, खुनांचा तपास लावणाऱ्याचाच मालाडला खून झाला! पण ब्योमकेशने स्वतः हा तपास घेतला असता तर तारखांपासून सुरुवात केली असती. शरदिंदू सिनेमात आले १९३८ साली. त्यांनी ब्योमकेश थांबवला १९३६ साली. म्हणजे गुन्हा घडला तेव्हा संशयित शहरातच नव्हता. तोवर ब्योमकेशचं लग्न लागलेलं होतं, आणि लग्न झालेल्या गुप्तहेराच्या भानगडीत वाचकांना फारसा रस उरणार नाही असं खुद्द लेखकालाच वाटलं होतं. सिनेमावर जेवढ्या खुनांचे आळ येतात त्यातले बरेचसे असे विवाहामुळे झालेले असतात, पण विवाहाविरुद्ध लेख लिहिण्याची हिंमत कोणात नाही, म्हणून सिनेमावर लिहितात.

दुसरा आक्षेप प्रेमचंदांच्या नावाने येतो, आणि तो वजनदार आहे. ते १९३४ साली अजंटा सिनेटोनच्या बोलावण्यावरून मुंबईला आले, वर्षाला आठ हजार रुपयांच्या करारावर. त्यांनी लिहिलेला 'मजदूर' सेन्सॉरच्या कचाट्यात सापडला, आणि वर्षही पुरतं न होता १९३५ मध्ये ते परत गेले. इथवर आक्षेपक बरोबर आहेत. मात्र ते मुळात आले कशासाठी हे सांगायची वेळ आली की यांना एकदम खोकला येतो. प्रेमचंद आले, कारण त्यांचा 'सरस्वती प्रेस' आणि 'हंस', 'जागरण' ही पत्रं तोट्यात होती. साहित्याचा तोटा भरायला ते सिनेमाकडे आले होते. याच न्यायाने हिशेब मांडला तर आपल्याकडे किती वाङ्मयीन उपक्रमांचं भांडवल मालिकेतल्या सुनेच्या अश्रूंतून आलंय, ते उघड व्हायचं. तूट सिनेमाने भरायची आणि शिव्याही त्यानेच खायच्या, हा व्यवहार फार काळ चालतोय. थोरल्या भावाने धाकट्याचं शिक्षण करावं आणि धाकट्याने मोठं होऊन 'दादाला वाचनाची आवड नाही' म्हणून नाक मुरडावं, त्यातलाच हा प्रकार.

तिसरा आक्षेप भाषेचा. सिनेमात गेलं की भाषा बिघडते म्हणे. असं म्हणणाऱ्यांनी वि. स. खांडेकरांचं काय करायचं ते आधी ठरवावं. शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी करणारे, 'उल्का' आणि 'दोन ध्रुव' लिहून बसलेले खांडेकर १९३६ साली मास्टर विनायकांच्या 'छाया'चे लेखक झाले. त्यानंतर 'ज्वाला', 'देवता', 'लग्न पहावं करून', 'अमृत' असे चित्रपट त्यांनी लिहिले. कॅमेरा, मायक्रोफोन, संकलकाची कात्री या सगळ्यांना पुरून त्यांची उपमा जशीच्या तशी परत आली. १९५९ सालची 'ययाति' उघडून बघा, तिच्यातल्या एका अलंकाराला चरा गेलेला दिसणार नाही. याच कादंबरीसाठी १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला, मराठीतला पहिला. तेव्हा सिनेमाने भाषा सुधारते की नाही यावर वाद होऊ शकतो, पण तो ती बिघडवू शकत नाही हे सिद्ध व्हायला खांडेकर पुरेसे आहेत. ज्यांची बिघडते त्यांची बहुधा आधीपासूनच तशी असते. सिनेमात फक्त ती मोठ्याने ऐकू येते.

चौथा आक्षेप स्वातंत्र्याचा, आणि इथे मात्र मी दोन पावलं मागे सरकतो, कारण मराठी मालिका नावाची गोष्ट समोर उभी आहे. कादंबरीकार पात्राला मारतो तेव्हा त्याला कोणाला विचारावं लागत नाही. मालिकेत मरणारा नट लोकप्रिय असेल तर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि पात्र तिरडीवरून उठून बसतं. उलट जिवंत पात्र अचानक 'गावच्या जमिनीच्या कामाला' निघून जातं, त्या वेळी प्रेक्षकांनी समजावं की नटाच्या नाटकाचा प्रयोग पार्ल्याच्या दीनानाथला लागलाय. ते आल्यावर सूनबाई माहेरी गेली, तर दौरा लांबचा आहे. एकाच आठवड्यात घरातले तिघे तीर्थयात्रेला गेले, तर बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे आणि मुलुंडचं कालिदास दोन्हीकडे तारखा आहेत. लेखकाला फोन येतो, "सर, आजोबा उद्यापासून दहा दिवस नाहीत." "पण उद्या तर त्यांची एकसष्टी आहे!" "हो ना. सर, ती त्यांच्याशिवाय करता येईल का?" आणि करता येते. आजोबांच्या फोटोला हार न घालता, पण ते हयात नाहीत असा संशयही येऊ न देता, अर्धा तास घरभर आनंद पसरवायचा. व्यासांना महाभारत लिहिताना गणपतीने एकच अट घातली होती, की मध्ये थांबायचं नाही. भीष्म पुढच्या आठवड्यात उपलब्ध नाहीत असा निरोप त्यांना कधी गेला नव्हता.

एवढं कबूल करूनही मी म्हणतो, की कादंबरीकाराचं जे स्वातंत्र्य आपण डोक्यावर घेऊन नाचतो, त्याचं खरं कारण तपासून बघावं. त्याला कोणी अडवत नाही, कारण त्याच्यामुळे कोणाचा खोळंबा होत नाही. हजार प्रतींची आवृत्ती संपायला किती वर्षं लागली, हे विचारणं आपल्याकडे पगार आणि वय विचारण्याइतकंच असभ्य समजलं जातं. पटकथेतल्या एका चुकीपायी साठ माणसं मढच्या उन्हात बसून राहतात, म्हणून ती चूक साठ माणसं दाखवतात. कादंबरीतली चूक दुसऱ्या आवृत्तीची वाट बघत राहते, आणि दुसरी आवृत्ती निघत नाही, म्हणून ती अजरामर होते. शिवाय सिनेमाने श्रमविभागही कसा चोख केलाय ते पाहा. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. चित्रपट पडला की कथाकार म्हणतो पटकथेने मारलं, पटकथाकार म्हणतो संवाद तोकडे होते, आणि संवादलेखक सांगतो की मी शेवटच्या आठवड्यात आलो. बिचाऱ्या कादंबरीकाराला तिन्ही गुन्हे एकट्याने कबूल करावे लागतात. तो ते करत नाही ही गोष्ट वेगळी. तो 'काळाच्या पुढची कादंबरी' म्हणतो.

बिल हातात पडण्याचा फायदा काय, तो एका परदेशी दाखल्याने सांगतो. रेमंड चँडलर यांची 'द बिग स्लीप' ही कादंबरी १९३९ ची. हॉवर्ड हॉक्स तिच्यावर चित्रपट करायला बसले, तेव्हा पटकथा लिहिणाऱ्यांत विल्यम फॉकनर होते, म्हणजे पुढे ज्यांना साहित्याचं नोबेल मिळालं तेच. लिहिता लिहिता प्रश्न पडला, की कथेतल्या मोटारचालकाचा खून नेमका केला कोणी? कोणालाच सांगता येईना. शेवटी तार करून चँडलरनाच विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं! पाच-सहा वर्षं हजारो वाचकांच्या डोळ्यांदेखत एक मुडदा बेवारस पडून होता आणि कोणी एका ओळीने चौकशी केली नाही. चौकशी केली ती सिनेमावाल्यांनी, कारण खुनी कोण हे ठरल्याशिवाय त्याला मानधन कसं देणार? चित्रपट १९४६ मध्ये आला, आणि त्यातूनही या खुनाचा उलगडा होत नाहीच. पण निदान विचारलं तरी. आपल्याकडच्या कित्येक कादंबऱ्यांत नायकाचे धाकटे भाऊ चौथ्या प्रकरणानंतर कुठे जातात, नायिका उदरनिर्वाहाला काय करते, आणि खिडकीशी उभं राहून शून्यात बघणाऱ्या माणसांच्या घराचं भाडं कोण भरतं, हे प्रश्न विचारणारं कोणी भेटलेलं नाही. अंधेरीच्या कॉफीच्या दुकानातली ती लॅपटॉपवाली मुलगी ते विचारते. तिने कादंबरी वाचलेली नसते हे खरं. पण ज्यांनी वाचली त्यांनी तरी कुठे विचारलं होतं?

आणि माणूस सिनेमात कायमचा अडकतो हेही खोटं. शरदिंदू १९५२ मध्ये सिनेमा सोडून पुण्याला राहायला गेले. ब्योमकेशने तपास पुन्हा सुरू केलाच होता. पण पुण्यात बसून त्यांनी आणखी काय लिहिलं ते बघण्यासारखं आहे. शिवरायांच्या सैन्यातल्या सदाशिब नावाच्या चलाख पोराच्या गोष्टी लिहिल्या, किल्ले-घोडे-मावळ्यांसकट. पुढे 'तुंगभद्रार तीरे' ही विजयनगरची कादंबरी लिहिली. तिच्या आरंभीच नदीतून नावांचा ताफा येतो, त्यात राजकन्या असतात, आणि वादळ त्या नावा उधळून लावतं. ज्या माणसाने इतकी वर्षं पावसाच्या प्रत्येक थेंबाचा हिशेब दिला असेल, त्यानेच एवढं वादळ इतक्या मोकळ्या हाताने लिहावं! जन्मभर फुकट पाऊस पाडणाऱ्याला त्या पावसाची लज्जत कळत नाही. ती कळायला काही वर्षं टँकर मोजावे लागतात. उलट्या वाटेने आलेले विश्राम बेडेकरही हेच सांगतात. ते आधी सिनेमातले. त्याचंच तंत्र शिकायला ते इंग्लंडला गेले, आणि १९३९ साली मराठीला त्यांच्याकडून मिळालं काय, तर 'रणांगण', एका बोटीवर घडणारी कादंबरी. नंतर 'लाखाराणी'पासून 'रुस्तुम सोहराब'पर्यंत चित्रपट त्यांच्या नावावर जमा झाले. पण बोट कागदावर सोडणंच परवडतं, हे त्या सिनेमावाल्याला बरोबर कळलं होतं.

तेव्हा वाचकहो, ओळखीचा कादंबरीकार सिनेमात गेला असेल तर त्याच्या घरी सांत्वनाला जाऊ नका. गेलातच तर तो नसेल, ओशिवऱ्याला मीटिंगला गेला असेल आणि पाऊस वाचवत बसला असेल. तो परत येईपर्यंत 'रणांगण' विकत घेऊन वाचा. लोखंडवालातल्या दोन कॉफींच्या पैशात ती मिळते, आणि त्यात बोट, समुद्र आणि येऊ घातलेलं महायुद्ध सगळं धरलेलं आहे.